चौपदरी रस्त्यावरची संशयी टिकटिकी

मित्रांनो, मी एक जुनी टिकटिकी आहे. जुनी म्हणजे मोडकी नव्हे, हे आधीच सांगून ठेवते, कारण हल्ली लोकांना या दोन शब्दांतला फरक कळेनासा झाला आहे. कागदोपत्री माझं नाव हातमोजणी यंत्र असं आहे, पण एवढं लांबलचक नाव घेऊन मला आजवर कोणी हाक मारलेली नाही. आकाराने मी लिंबाएवढी. अंग पोलादी, पाठीला बोट अडकवायची कडी, पोटावर चार खिडक्या आणि प्रत्येक खिडकीत एक आकडा. डोक्यावरची कळ अंगठ्याने दाबली की टिक् होतं आणि आकडा एकाने पुढे सरकतो. कुशीला एक खुंटी आहे. ती पिळली की चारही खिडक्यांत शून्य. त्या खुंटीबद्दल मला काय वाटतं ते पुढे येईलच.

माझा जन्म एका लांबट खोलीत झाला. तिथे खिडक्यांखाली बायका ओळीने बसत आणि डोळ्याला भिंग लावून चिमट्याने दातेरी चाकं बसवत. जिने मला जुळवलं तिने माझी कळ हजार वेळा दाबून पाहिली. हजार म्हणजे हजार. एकदा जरी आकडा अडला किंवा दोनाने उडाला, तर ती टिकटिकी सरळ बादलीत. माझ्या रांगेतल्या सात जणी बादलीत गेल्या. मी पोटावर नेमका हजाराचा आकडा घेऊन बाहेर पडले. तेव्हापासून माझी मान ताठ आहे. ती खाली घालायची वेळ आयुष्यात एकदाच आली, आणि तीच गोष्ट तुम्हाला सांगणार आहे.

माझा स्वभाव संशयी. तो उगाच झालेला नाही. पहिली नोकरी मला एका प्रदर्शनाच्या दारावर मिळाली. आत किती माणसं गेली ते मोजायचं. तिथला दारवान सकाळभर जांभया द्यायचा, आणि मालकाची गाडी दिसली की रिकाम्या दाराकडे बघत मला दणादण दाबत सुटायचा. मालक खूश, दारवान खूश, आणि माझ्या पोटावर धादांत खोटं. तेव्हाच मी ठरवलं की ज्याच्या हाताला अंगठा आहे त्याच्यावर विश्वास म्हणून ठेवायचा नाही.

पुढे रस्ते मोजणाऱ्या एका कार्यालयाने मला घेतलं. रस्ते मोजणं म्हणजे लांबी-रुंदी नव्हे, मित्रांनो. रस्त्यावरून तासाला किती गाड्या जातात ते मोजणं. प्रत्येक रस्त्याची एक कुवत असते. गाड्या थोड्या असल्या की ज्याला हवं तसं पळता येतं. वाढल्या की पुढच्याच्या मागे फरफटत जावं लागतं. त्याहून वाढल्या की रस्त्याचा दम कोंडतो. गावाबाहेरच्या मोठ्या रस्त्यांची तऱ्हा तर आणखी वेगळी. तिथे गाड्या एकसारख्या येत नाहीत. एखादा ट्रॅक्टर डाव्या पट्ट्यातून रमतगमत चालतो, त्याच्यामागे ट्रक साचतात, मग सगळा घोळका उजवीकडून एकदम सुटतो. घोळका गेला की रस्ता बराच वेळ मोकळा. हे सगळं त्या कार्यालयातल्या टेबलावर बसून दिसत नाही. त्यासाठी कोणाला तरी उन्हात बसून एकेक गाडी मोजावी लागते, आणि ते काम माझं.

मी सांगते आहे तो रस्ता चौपदरी होता. दोन पट्टे जायचे, दोन यायचे, मध्ये कमरेएवढा दुभाजक. रस्त्याच्या अलीकडे वीस-पंचवीस घरांची वस्ती आणि पलीकडे तेवढीच. वस्तीसमोर दुभाजक हातगाडी जाईल इतका तोडलेला होता. सगळे त्याला फट म्हणत. त्या फटीतून दोन्हीकडची माणसं ये-जा करत.

ती फट ठेवायची की बुजवायची, एवढाच प्रश्न होता. कार्यालयाचा ठोकताळा असा, की एका बाजूने तासाला अठराशेच्या वर गाड्या जात असतील तर माणसांनी रस्ता ओलांडणं म्हणजे जिवाशी खेळ. मग फट बंद करायची. पुढची मोकळी जागा चार किलोमीटरवर होती. ठोकताळा वाईट नव्हता हो. माणसं मरू नयेत म्हणूनच केलेला होता. फक्त आकडा खरा हवा. मला अलीकडच्या बाजूला तीन दिवस बसवलं, पलीकडची बाजू पुढच्या आठवड्यात व्हायची होती.

फटीच्या अगदी तोंडाशी एक पंक्चर काढायचं दुकान होतं. चार खांब, वर पत्रा, पाण्याची घमेली, टांगलेल्या ट्यूबा. ते एक बाई चालवायची. चाळिशीची, दंड पैलवानासारखे, बोलणं कमी. तिचे वडील पलीकडच्या वस्तीत अंथरुणाला खिळून होते. तिचं माहेर तिकडे, दुकान इकडे. सकाळी, दुपारी एक वाजता आणि दिवेलागणीच्या आत, अशी ती तीनदा फटीतून पलीकडे जायची. वडिलांना भरवायची, कूस बदलून द्यायची आणि धावतपळत परत यायची, कारण दुकानापुढे कोणी ना कोणी चाक धरून उभं असायचं.

ही सगळी हकीकत मला पहिल्याच सकाळी कळली, आणि लगेच माझ्या मनात आलं, हिच्यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायला हवं. फट बुजली तर जिचं सगळ्यात जास्त अडणार, तिच्याच दुकानाला टेकून आमचं मोजणीचं बाकडं. त्यातून ती पाण्याची कळशी आणून ठेवते, सावलीला पत्रा पुढे ओढून देते. कशासाठी? उगाच कोणी इतकं गोड वागत नाही, असं मला वाटलं.

सकाळी सहापासून दोनपर्यंत मला हातात धरायची ती आत्या. ती कोणाची आत्या होती देव जाणे, पण सगळे तिला आत्याच म्हणत. साठीची, वाळकी, शाळेत जेमतेम दोन वर्षं गेलेली, पण आकडे मोत्यासारखे काढायची. आधी तिने फळांच्या खोक्यांच्या गोदामात पंचवीस वर्षं मोजणी केली होती. नजर अशी, की मोटार, ट्रक, ट्रॅक्टर एकमेकांच्या आड लपले तरी एकही सुटायचं नाही. बाकड्यावर बसली की पाठ खांबासारखी. मला ती मनापासून आवडली. मुख्य म्हणजे तिने माझ्या खुंटीला कधी हात लावला नाही. दर तासाला डोळे बारीक करून माझ्या खिडक्यांतला आकडा वाचायची, कागदावरच्या तासाच्या चौकटीत जसाच्या तसा उतरायची, आणि पुढे मोजायला लागायची. दुपारपर्यंत माझ्या पोटावर दोन हजारांच्या वरचा आकडा झळकायचा. मला तेव्हा कसं भरल्यासारखं वाटायचं.

दोन ते आठ मात्र कंडक्टर यायचा. बसच्या नोकरीतून निवृत्त झालेला, जाडजूड, सतत पान चघळल्यासारखी तोंडाची हालचाल, तोंडात काही नसलं तरी. आल्या आल्या तो पहिली गोष्ट काय करायचा, तर माझी खुंटी पिळायचा. आत्याची सगळी सकाळ एका झटक्यात पुसली. बरं, एकदा पुसून गप्प बसेल तर तो कसला. दर तासाला आकडा लिहायचा आणि परत खुंटी पिळायचा. तीनशे, शून्य. दोनशे ऐंशी, शून्य. मी मनात म्हटलं, याच्यात काहीतरी पाणी मुरतंय. प्रामाणिक माणूस पुसापुशी कशाला करेल? कंडक्टर आणि पंक्चरवाली संध्याकाळी दोन शब्द बोलायचे. टायर, पाऊस, गुडघे असलंच काहीतरी. पण मला खात्री पटत गेली की दोघांचं संगनमत आहे. आकडा खाली आणायचा आणि फट वाचवायची.

दुसऱ्या दिवशी तर मी तिला रंगेहाथ पकडलं. वाळूच्या ट्रकमागून धुळीचा लोट आला आणि आत्याच्या डोळ्यांत गेला. ती मला बाकड्यावर ठेवून कळशीकडे डोळे धुवायला गेली. पंक्चरवालीने इकडेतिकडे पाहिलं, काळे हात लुगड्याला पुसले आणि मला उचललं. तिने मला तीनदा दाबलं. त्या वेळात रस्त्यावरून गाड्याही तीनच गेल्या होत्या, हे मला मान्य आहे. पण मी म्हटलं, आज तीन दाबतेय, उद्या तीनशे दाबेल. आत्या आल्यावर तिने मला तिच्या हातात देत सांगितलं, की तीन गेल्या त्या धरल्यात. आत्याने मान हलवली. मी मात्र तिच्या बोटांचा काळा ठसा अंगावर घेऊन दिवसभर धुमसत राहिले. हात मारायला आली होती, आणि वर मदतीचा आव, असं माझं म्हणणं.

चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला कार्यालयाची इंजिनीअर बाई आली. वयाने लहान, तिशीच्या आतली, डोक्यावर टोपी, हातात फायलींचा गठ्ठा. मोजणी तीनच दिवसांची ठरली होती, पण थांबा असं कोणी सांगितलं नव्हतं म्हणून आत्या याही दिवशी सहाला येऊन बसली होती. बाईने फटीपाशी चुन्याने दोन खुणा करायला लावल्या. मग पंक्चरवालीकडे येऊन सरळच सांगितलं, की दुपारी एक ते दोनमध्ये या बाजूने चोवीसशे गाड्या जातात. तिन्ही दिवस तोच हिशेब आला आहे. आठवडाभरात सिमेंटचे ठोकळे येतील आणि फट बंद होईल.

पंक्चरवालीच्या हातातला पाना खाली आला. ती आरडाओरडा करणारी नव्हतीच. म्हातारा माणूस आहे, कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतात, एवढंच ती पुटपुटली. चार किलोमीटर जायचे, चार यायचे, दिवसातून तीनदा, मग दुकान कधी उघडायचं? इंजिनीअर बाईचा चेहरा उतरला, पण ती म्हणाली की तुम्हाला वडील हवेत, तशी वडिलांना मुलगीही जिवंत हवी. चुकीचं बोलली नाही ती. पण एक गोष्ट तिलाही डाचत होती, कारण तिने कंडक्टरला मुद्दाम लवकर बोलावून घेतलं होतं. दोनपर्यंत चोवीसशे आणि दोन वाजून गेले की एकदम तीनशे, हे कसं? दुपारभर डुलक्या तर काढल्या नाहीत ना, असं तिने आडून विचारलं.

कंडक्टरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तीस वर्षं खचाखच भरलेल्या बसमध्ये उभा राहून मी एकाला फुकट जाऊ दिलं नाही, असं तो ऐकवू लागला. मग त्याने आत्याकडे बोट दाखवलं. म्हातारीचा अंगठा कापतो, एकाला दोनदा दाबत असेल. आत्याने त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. माझा अंगठा कापत नाही, तुमची जीभ कापते, एवढं बोलून ती पुढची गाडी मोजायला लागली. मग संशय कोणावर आला असेल? माझ्यावर. जुनं यंत्र आहे, दाता घसरत असेल, असं बाई म्हणाली आणि पुढचा तास लागता लागता तिने मला मागून घेतलं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. खिडकीतला आकडा तिने बाजूला टिपून ठेवला, माझी कळ शंभर वेळा दाबली, आणि बरोबर शंभरच पुढे सरकलेले पाहून मला आत्याला परत दिलं. मध्ये गेलेल्या गाड्या आत्याने बोटांवर धरून ठेवल्या होत्या, आणि बाईने दाबलेले ते शंभर पुढे लिहिताना तिने सोडून दिले. मी बादलीत न गेलेली आहे, हे तिला कोण सांगणार.

आता सगळे एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघत होते. मीही बघत होते, आणि माझी नजर अजून पंक्चरवालीवरच होती.

एक वाजला. पंक्चरवालीने हात धुतले, चुलीवरचं भांडं उतरवून डबा भरला, फडक्यात बांधला आणि रस्त्याच्या कडेला येऊन उभी राहिली. तिथूनच तिने मागे वळून विचारलं.

“बाई, चोवीसशे म्हणजे एका गाडीमागून दुसरी किती वेळाने येते?”

इंजिनीअर बाईने मनात भागाकार केला. “दीड सेकंदाने.”

“मला इथून दुभाजकापर्यंत जायला बारा पावलं लागतात,” ती म्हणाली. “पाय भाजल्यासारखी पळाले तरी दीड सेकंदात होत नाहीत. मी रोज याच तासाला जाते आणि याच तासाला परत येते. तुमचा आकडा खरा असेल, तर मी आत्तापर्यंत मेलेली असायला हवी. बघा मला, आहे का?”

एवढं बोलून तिने रस्ता पाहिला. ट्रॅक्टरमागचा घोळका निघून गेला होता, मागे दूरवर काहीच नव्हतं. ती चालत, पळत नव्हे, चालत दुभाजकापर्यंत गेली आणि फटीतून पलीकडे दिसेनाशी झाली.

इंजिनीअर बाईने आत्याकडे हात पुढे केला, मला घेतलं, आणि स्वतः तासभर मोजायचं म्हणून पहिली गोष्ट काय केली, तर माझी खुंटी पिळली. शून्य.

आत्या बाकड्यावरून उठली. चार दिवसांत मी तिला पहिल्यांदाच इतकं चिडलेलं पाहिलं. “अहो, सकाळपासूनचं सगळं पुसलंत?”

“सकाळपासूनचं म्हणजे?” बाई म्हणाली.

“सकाळी सहापासूनचं. दोन हजार एकशे सात झाले होते. तो काय, लिहिलाय कागदावर.”

बाईने कागद ओढून घेतला. पहिल्या चौकटीत तीनशे आठ. दुसरीत सहाशे अकरा. तिसरीत नऊशे दोन. चौकटीमागून चौकट आकडा चढतच गेलेला, एकदाही खाली आलेला नाही. बाकीच्या तिन्ही दिवसांचं तेच. तिने पेन्सिल घेतली आणि प्रत्येक आकड्यातून आधीचा आकडा वजा करत गेली. तीनशे तीन. दोनशे एक्क्याण्णव. तीनशे सहा. कंडक्टरचे आकडे त्यांच्या शेजारी ठेवले, तर सगळी भावंडं शोभतील असे.

झालं होतं ते इतकंच. आत्या ज्या गोदामात होती तिथे मधेच शून्य करणं म्हणजे मोजणाऱ्याच्या मेहनतीवर पाणी ओतणं. ज्याने खुंटी पिळली त्याने खोकी चोरली, असा तिथला कायदा. दिवस सुरू होताना शून्य, मग दिवसभर हात लावायचा नाही. इथे तिला कागद दिला आणि सांगितलं, दर तासाला आकडा लिहा. तिने लिहिला. त्या तासाचाच लिहायचा, हे सांगायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही, कारण इथल्या माणसांना ते न सांगता कळतं असं वाटत होतं. आणि कार्यालयात बसलेल्या बाईने चौकटींतला सगळ्यात मोठा आकडा उचलला आणि तो एका तासाचा समजली.

कंडक्टरला आता बोलायची संधी होती. तो तोंड उघडणार तेवढ्यात आत्याच म्हणाली, “मला जे दिसलं ते लिहिलं. वजा करायचं काम शिकलेल्यांचं.”

इंजिनीअर बाई लाल झाली. मग ती म्हणाली की आत्यांचं बरोबर आहे, विचारायला मी हवं होतं. आणि आणखी एक गोष्ट म्हणाली, जी मी विसरलेली नाही. आत्यांनी एकदाही पुसलं नाही म्हणून सगळे तास वजाबाकीने परत मिळाले, एकही गाडी हरवली नाही. मग ती बाकड्यावर आत्याच्या शेजारी बसली आणि दोन वाजेपर्यंत स्वतःच्या अंगठ्याने एकेक गाडी मोजत राहिली. मधेच पंक्चरवाली रिकामा डबा घेऊन परत आली, कडेला थांबली, दोन ट्रक जाऊ दिले आणि सावकाश अलीकडे आली. दोन वाजता माझ्या पोटावर दोनशे शहाण्णव होते.

पुढच्या आठवड्यात पलीकडची मोजणीही तेवढीच आली आणि फट राहिली. पण नुसती तशीच नाही. तिच्या आधी रस्त्यावर खडबडीत पांढरे पट्टे आखले गेले, गाड्या दुरूनच वेग कमी करतील असे, आणि एक पाटीही लागली. पट्टे वाळत होते तेव्हा पंक्चरवाली कमरेवर हात ठेवून बघत उभी होती. तिने आत्याला एवढंच विचारलं, की उद्यापासून बाकडं नसेल ना? मला वाटतं तिला आमची सवय झाली होती.

आणि मी? मित्रांनो, खरं सांगायचं तर या सगळ्यांत मला एकटीला सगळं माहीत होतं. कोण खुंटी पिळतं आणि कोण पिळत नाही, हे माझ्याशिवाय कोणी पाहिलेलं नव्हतं. पण आत्याच्या हातात माझ्या पोटावर दोन हजार चढायचे आणि मला मिरवायला मिळायचं. कंडक्टरच्या हातात मी दर तासाला लहान व्हायचे. म्हणून जो नीट काम करत होता तो मला चोर वाटला. जिने तीन गाड्या पाहिल्या आणि तीनच धरल्या, ती मला लबाड वाटली. पंक्चरवालीला तर मी मनातल्या मनात चार दिवस फासावर चढवत होते. ती जाऊन वडिलांची कूस बदलत होती. माझा आकडा मोठा दिसतोय म्हणून तो खरा, असं मी धरून बसले होते, आणि त्यापायी एका म्हाताऱ्याची पाठ सोलून निघाली असती. मान खाली घातली ती तेव्हा.

पुढे खांबांवर कॅमेरे आले. ते स्वतःच मोजतात म्हणे. मला एका खणात टाकलं, सुकलेल्या शाईच्या पॅडशेजारी. माझ्या कळीला गंज चढला आहे, आणि पहिल्यासारखी टिक् आता होत नाही, कुरकुर होते. आत्या कुठे असते, कंडक्टरच्या गुडघ्यांचं काय झालं, मला माहीत नाही. त्या कॅमेऱ्यांवर माझा काडीचाही विश्वास नाही, हे लपवत नाही. धुळीचा लोट आला की त्यांचे डोळे कोण धुतं?

पण आता मी तोंड सांभाळून संशय घेते. मित्रांनो, माझ्यासारखी एखादी तुमच्या हाती आली तर तिला थेंबभर तेल द्या, उन्हात बाकड्यावर विसरू नका. आणि मोजायला लागण्याआधी तिच्या चारही खिडक्या बघा. कुठून सुरुवात केली ते कागदाच्या डोक्यावर लिहा. ज्याने आधी मोजलं त्याला विचारा, तुमची पद्धत काय होती म्हणून. विचारायला दोन शब्द लागतात, ते खर्च करा. आणि माझ्यासारखं कोणी पोटावर मोठा आकडा घेऊन मिरवायला लागलं, तर त्याचं ऐकून फट बुजवू नका. रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहा. जो रोज तो रस्ता ओलांडतो, त्याच्याशेजारी.